अभयारण्यांच्या नकाशात अंजनवेल कोठे?

गुहागरच्या समुद्रकिनाऱ्यावर २७ जानेवारी २०२५ रोजी अंडी घालण्यासाठी आलेल्या ऑलिव्ह रिडले जातीच्या एका मादी कासवाच्या पुढच्या पायावर धातूची छोटी पट्टी आढळून आली. पट्टीवर ०३२३३ हा क्रमांक होता. नोंदी तपासल्या असता, ही पट्टी १८ मार्च २०२१ रोजी ओडिशातील गहिरमाथा किनाऱ्यावर भारतीय प्राणिसर्वेक्षण विभागाच्या शास्त्रज्ञांनी लावल्याचे निष्पन्न झाले. बंगालच्या उपसागरातून निघून, भारतीय द्वीपकल्पाला वळसा घालत, सुमारे साडेतीन हजार किलोमीटरचे अंतर कापून हे कासव अरबी समुद्राच्या किनाऱ्यावर आले होते. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवर विणीसाठी येणारी कासवे वेगवेगळ्या समूहांतील असावीत, हा तोवर प्रचलित असलेला समज त्यामुळे डळमळीत झाला.

कुतूहलाचा विषय म्हणून ही बातमी सर्वत्र झळकली. तिच्यातील एका तपशिलाची मात्र फारशी चर्चा झाली नाही. ज्या किनाऱ्यावर या कासवाला खूण करण्यात आली, तो गहिरमाथा १९९७ पासून सागरी अभयारण्य असून त्याचे क्षेत्र १,४३५ चौरस किलोमीटर आहे. ज्या किनाऱ्यावर त्याने अंडी घातली, तो गुहागरचा किनारा मात्र कोणत्याही अभयारण्यात वा राष्ट्रीय उद्यानात मोडत नाही. गुहागरच्या उत्तरेस, वाशिष्ठी नदी समुद्राला मिळते त्या मुखावर वसलेले अंजनवेल, त्याच्या शेजारचे वेलदूर, खाडीपलीकडचे दाभोळ, त्याहून उत्तरेकडील आंजर्ले आणि वेळास या गावांचीही तीच स्थिती आहे. रायगड जिल्ह्यातील फणसाड अभयारण्य सोडले, की दक्षिणेस थेट सिंधुदुर्गातील मालवण सागरी अभयारण्य लागते. मधला रत्नागिरी जिल्ह्याचा सुमारे १६७ किलोमीटरचा किनारा अभयारण्याविना आहे.

याचा अर्थ हा किनारा प्राणिसंपदेच्या दृष्टीने दरिद्री आहे असा नाही. उलट, जगाच्या संकटग्रस्त यादीत नोंद असलेल्या प्राण्यांची येथील संख्या लक्षणीय आहे. मग संरक्षित क्षेत्रांचे जाळे या प्राण्यांना पुरते काय, आणि पुरत नसेल तर त्यांना आजवर तारले कोणी, हे पाहणे उद्बोधक ठरते.

मोजमापाची रीत

संरक्षित क्षेत्रे पुरेशी आहेत की नाहीत, हे ठरविण्याची एक रूढ शास्त्रीय पद्धत आहे. तिला ‘गॅप ॲनालिसिस’ म्हणतात. हवाई बेटांवरील दुर्मिळ वनपक्ष्यांच्या वास्तव्याचे नकाशे मायकेल स्कॉट या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात तेथील राखीव क्षेत्रांच्या नकाशावर ठेवून पाहिले. पक्षी एकीकडे आणि राखीव क्षेत्रे दुसरीकडे, असे चित्र त्यातून समोर आले. दोन नकाशे एकमेकांवर ठेवायचे आणि कोणती जात कुंपणाबाहेर राहते ते पाहायचे, एवढे या पद्धतीचे सूत्र साधे आहे.

जागतिक स्तरावर असा पहिला मोठा हिशेब २००४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आना रॉड्रिग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सस्तन प्राणी, उभयचर, गोड्या पाण्यातील व जमिनीवरील कासवे आणि संकटग्रस्त पक्षी मिळून ११,६३३ जातींचा विचार केला. त्यांपैकी १,४२४ जाती, म्हणजे सुमारे १२ टक्के, जगातील एकाही संरक्षित क्षेत्रात आढळत नाहीत, असा निष्कर्ष निघाला. बेडकांसारखे उभयचर सर्वांत उपेक्षित ठरले. पुढे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात ४,११८ संकटग्रस्त पृष्ठवंशीय प्राण्यांची पाहणी करण्यात आली. त्यांतील १७ टक्के जाती पूर्णतः कुंपणाबाहेर होत्या आणि तब्बल ८५ टक्के जातींना मिळणारे संरक्षण अपुरे होते.

‘बाहेर’ आणि ‘अपुरे’ या दोन शब्दांतील फरक महत्त्वाचा आहे. एखाद्या जातीचे चार प्राणी अभयारण्यात सापडले, म्हणून ती जात सुरक्षित झाली असे होत नाही. त्यामुळे अभ्यासकांनी जातीगणिक उद्दिष्टे ठरविली. ज्या प्राण्याचा आढळ एक हजार चौरस किलोमीटरपेक्षाही कमी क्षेत्रात आहे, त्याचे संपूर्ण क्षेत्र संरक्षित हवे. ज्याचा आढळ अडीच लाख चौरस किलोमीटरहून अधिक आहे, त्याचे दहा टक्के क्षेत्र पुरेसे मानावे. मधल्या जातींसाठी त्या प्रमाणात मधली उद्दिष्टे.

भारतात हे काम डेहराडून येथील भारतीय वन्यजीव संस्थेने हाती घेतले. डब्ल्यू. ए. रॉजर्स आणि एच. एस. पनवार यांनी १९८८ मध्ये देशाचे दहा जैवभौगोलिक विभाग पाडून प्रत्येक विभागात संरक्षित क्षेत्रे कोठे आणि किती असावीत, याचा आराखडा मांडला. समुद्रकिनारे हा त्यांतील एक स्वतंत्र विभाग होता. त्यानंतर देशातील अभयारण्यांची संख्या बरीच वाढली, परंतु संरक्षित क्षेत्र आजही देशाच्या भूभागाच्या पाच टक्क्यांच्या आसपासच आहे. आणि जे आहे ते सारखे विखुरलेले नाही.

नकाशा घाटावर, प्राणी किनाऱ्यावर

पश्चिम महाराष्ट्रातील अभयारण्यांवर नजर टाकली, तर एक गोष्ट सहज ध्यानात येते. राधानगरी, कोयना, चांदोली ही सर्व क्षेत्रे सह्याद्रीच्या माथ्यावर, मोठ्या धरणांच्या पाणलोटात आहेत. कोयना अभयारण्य १९८५ मध्ये घोषित झाले. चांदोलीला २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. २०१० मध्ये या दोहोंचा मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला आणि २०१२ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून निवडलेल्या पश्चिम घाटातील ३९ स्थळांत कास, कोयना, चांदोली व राधानगरी यांचा समावेश झाला. चांदोलीची सीमा रत्नागिरी जिल्ह्यालाही स्पर्श करते. तेव्हा जिल्ह्यात संरक्षित क्षेत्र अजिबात नाही असे म्हणता येणार नाही. मात्र ते आहे ते घाटाच्या कड्यालगत, समुद्रापासून दूर.

हे असे का झाले, याचे उत्तर प्राणिशास्त्रात नसून महसुली दप्तरात आहे. धरणांच्या पाणलोटातील जमीन सरकारची झाली होती, गावे उठली होती. तेथे अभयारण्य घोषित करणे तुलनेने सोपे होते. तळकोकणातील परिस्थिती नेमकी उलट. रत्नागिरी जिल्ह्यात वनखात्याच्या ताब्यातील जमीन अत्यल्प असून जंगल म्हणून जे दिसते ते बहुतांश खासगी मालकीचे, आणि तेही एकेका सातबाऱ्यावर अनेक वारसांची नावे असलेले. अंजनवेलचा प्रसिद्ध गोपाळगड किल्लासुद्धा दीर्घकाळ खासगी ताब्यात होता आणि त्याच्या तटबंदीच्या आत आंब्याची बाग उभी राहिली. किल्ल्याची ही गत, तेथे रानाची काय कथा!

सरकारी जमीन जेथे होती तेथे अभयारण्ये झाली. प्राणी मात्र जमिनीची मालकी पाहून राहत नाहीत.

वाडीतले, सड्यावरचे, खाडीतले

आंजर्ल्याच्या नारळी-पोफळीच्या बागांत पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची घरटी आहेत, ही गोष्ट पक्षिमित्रांना सुपरिचित आहे. अतिसंकटग्रस्त गणल्या गेलेल्या या पक्ष्याने घरट्यासाठी निवडलेले झाड कोणा ना कोणा बागायतदाराच्या मालकीचे असते. घरटे राहील, तर नारळ उतरविता येणार नाहीत. म्हणजे मालकाचे नुकसान. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने बागायतदारांची समजूत घालून ही घरटी राखण्याचे काम केले. रायगड जिल्ह्यात म्हसळा तालुक्यातील चिरगाव येथेही ग्रामस्थांच्या सहकार्याने असाच प्रयोग झाला. यांपैकी कोणताही प्रयोग अभयारण्यात झालेला नाही.

गिधाडांचे उदाहरण आणखी एका कारणाने विचार करायला लावणारे आहे. १९९० च्या दशकाच्या प्रारंभापासून अवघ्या पंधरा वर्षांत भारतातील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९ टक्क्यांहून अधिक घटली. गुरांना देण्यात येणारे डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध त्यास कारणीभूत असल्याचे २००४ मध्ये सिद्ध झाले. मेलेल्या गुराच्या मांसातून हे औषध गिधाडाच्या पोटात जाई आणि त्याची मूत्रपिंडे निकामी होत. गिधाडे अभयारण्यांच्या आतही मेली आणि बाहेरही मेली, कारण ती अन्नासाठी दिवसाकाठी लांबवर भटकतात. २००६ मध्ये जनावरांसाठी या औषधाच्या वापरावर बंदी आली आणि २०२३ मध्ये केटोप्रोफेन व ॲसिक्लोफेनॅक या औषधांवरही. येथे नकाशावरचे कुंपण कितीही मोठे असते, तरी उपयोग नव्हता. उपयोग झाला तो औषधबंदीचा.

याच्या अगदी विरुद्ध टोकाचे उदाहरण सड्यावर सापडते. रत्नागिरीच्या जांभ्या कातळाचे सपाट माळ, ज्यांना स्थानिक लोक सडा म्हणतात, वर्षातील आठ महिने करपलेले दिसतात आणि पावसाळ्यात तेथे तृण, रानफुले व बेडकांचे जग अवतरते. महसुली भाषेत ही पोटखराबा जमीन. डोर्ले या रत्नागिरी जिल्ह्यातील गावातून १९६३ मध्ये पांढऱ्या पट्ट्यांच्या एका छोट्या पालीचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले. याच गावातून २००३ मध्ये देवगांडुळाची, म्हणजे बिनपायाच्या उभयचराची, एक नवी जात नोंदविण्यात आली. ही पाल संकटग्रस्त यादीत ‘असुरक्षित’ म्हणून नोंदलेली असून तिचा आढळ मुख्यत्वे कोकणातील अशा सड्यांपुरता मर्यादित आहे. दिवसा ती कातळावरील सुट्या दगडांखाली राहते. आंबा आणि काजूच्या लागवडीसाठी जेथे सुरुंग लावून सडा फोडला जातो, माती भरली जाते आणि दगड गडग्यासाठी उचलले जातात, तेथे तिला जागा उरत नाही.

वर सांगितलेल्या उद्दिष्टांची कसोटी लावली, तर विचित्र चित्र दिसते. ऑलिव्ह रिडले कासवाचा वावर उष्ण कटिबंधातील सर्व महासागरांत आहे; गहिरमाथ्यासारखी मोठी क्षेत्रे जमेस धरली की कागदावर ते ‘समाविष्ट’ ठरते. कोकणातील त्याची घरटी मात्र अभयारण्याबाहेर आहेत, हे त्या आकड्यात दिसत नाही. सड्यावरच्या पालीसारख्या अल्प क्षेत्रातील प्राण्याला कसोटीनुसार जवळपास संपूर्ण संरक्षण हवे. तिचे वास्तव्य असलेले रत्नागिरीतील सडे कोणत्याही अभयारण्यात नाहीत. घाटमाथ्यावर मात्र याहून लहान जीवांचीही दखल घेतली गेली आहे. आंबोली येथील महादेव मंदिराच्या कुंडात सापडलेल्या ‘हिरण्यकेशी’ नावाच्या माशासाठी २०२१ मध्ये २.११ हेक्टर क्षेत्र जैविक वारसास्थळ म्हणून घोषित झाले. दोन-अडीच हेक्टरांतही एखाद्या जातीचे भले होऊ शकते, याचे हे उदाहरण. पालीला असा वाली अद्याप मिळालेला नाही, एवढेच.

अंजनवेलची खाडी हा तिसरा प्रकार. वाशिष्ठीला बारमाही पाणी असते, कारण कोयनेचे पाणी पोफळी येथे वीजनिर्मिती झाल्यावर पश्चिमेकडे सोडले जाते आणि ते या नदीत येते. चिपळूण परिसरातील मगरी सर्वश्रुत आहेत; पावसाळ्यात त्या रस्त्यावर आल्याच्या बातम्याही अधूनमधून येतात. मगर आणि कोकणच्या खाड्यांत आढळणारे पाणमांजर या दोन्ही जाती ‘असुरक्षित’ वर्गातील. खाडी जेथे समुद्रात शिरते, तेथून हर्णैपर्यंतच्या उथळ पाण्यात पर्यटकांना होडीतून दाखविले जाणारे डॉल्फिन प्रामुख्याने हम्पबॅक जातीचे असून, ही जात संकटग्रस्त आहे. किनाऱ्यालगतच्या उथळ पट्ट्यात आणि खाड्यांच्या मुखाशी राहण्याची सवय असल्याने मासेमारीची जाळी, बोटींची वर्दळ आणि कारखान्यांचे सांडपाणी या तिन्हींशी तिची गाठ पडते. लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्यामुळे दाभोळ खाडीतील मासळी घटल्याची तक्रार खाडीकाठचे मच्छिमार वर्षानुवर्षे करीत आले आहेत. माशांवरच पोट असलेल्या पाणमांजराला आणि डॉल्फिनला तक्रार नोंदविण्याची सोय नाही.

अंजनवेलचे नाव देशभर झाले ते अर्थात वेगळ्याच कारणाने. किंबहुना झाले ते दाभोळचे. एन्रॉनचा वीजप्रकल्प उभा राहिला अंजनवेल, वेलदूर आणि रानवी या गावांच्या जमिनीवर, पण त्याला नाव मिळाले खाडीपलीकडच्या गावाचे. १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू होऊन २००१ मध्ये बंद पडलेला हा प्रकल्प २००५ मध्ये रत्नागिरी गॅस अँड पॉवर या कंपनीकडे गेला आणि पुढे द्रवरूप नैसर्गिक वायूचे बंदर तेथे कार्यान्वित झाले. ज्या काळात भारतीय वन्यजीव संस्थेचा आराखडा किनाऱ्यावर संरक्षित क्षेत्रे हवीत असे सांगत होता, त्याच सुमारास या किनाऱ्याचे भवितव्य वीज आणि बंदर या अंगाने ठरत गेले.

कुंपणाविना संरक्षण

तरीही कासवे येतात. त्यामागे काही कायदे आहेत आणि त्याहून अधिक माणसे आहेत.

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत ऑलिव्ह रिडले कासवाचा समावेश आहे. त्यामुळे ते अभयारण्यात असो वा नसो, त्याला मारणे किंवा त्याची अंडी पळविणे हा गंभीर गुन्हा ठरतो. किनारपट्टी नियमन अधिसूचनेनुसार कासवांच्या विणीच्या जागा व कांदळवने सर्वाधिक संवेदनशील वर्गात मोडतात. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये कांदळवनांच्या तोडीस मनाई केली आणि २०१८ च्या निकालाने त्यावर शिक्कामोर्तब केले. राज्याने २०१२ मध्ये स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन केला. २०१८ च्या अखेरीस आणखी एक व्यवहार्य योजना आली. जाळ्यात अडकलेले संरक्षित जातीचे कासव, डॉल्फिन वा देवमासा सोडविण्यासाठी जाळे कापावे लागले, तर मच्छिमाराला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळू लागली. समुद्रात पहारेकरी नेमण्यापेक्षा ही कल्पना अधिक शहाणपणाची म्हणावी लागेल.

मात्र या सर्वांच्या आधी काम सुरू झाले ते वेळासला. समुद्रगरुडांच्या घरट्यांचा शोध घेत फिरणाऱ्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’च्या कार्यकर्त्यांना २००२ मध्ये मंडणगड तालुक्यातील या गावी कासवांची अंडी चोरीस जात असल्याचे आढळले. त्यातून भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने गावकऱ्यांना सोबत घेऊन संरक्षणाचे काम उभे राहिले. नोव्हेंबर ते मार्च हा विणीचा मुख्य हंगाम. पहाटे पुळणीवर फेरी मारायची, वाळूवरील माग ओळखून घरटे शोधायचे, शंभराच्या आसपास असणारी अंडी अलगद काढून कुंपण घातलेल्या उबवणी केंद्रात तेवढ्याच खोलीवर पुरायची आणि सुमारे पन्नास-पंचावन्न दिवसांनी बाहेर आलेली पिले समुद्रात सोडायची, अशी ही पद्धत. अंडी चोरणाऱ्यांना रागे भरण्यापेक्षा त्यांनाच पहाऱ्यावर घेण्याचे धोरण बहुतेक ठिकाणी यशस्वी ठरले. पुढे कासव महोत्सव सुरू झाला, घरगुती निवास-न्याहारीतून गावाला चार पैसे मिळू लागले आणि ही पद्धत आंजर्ले, गुहागर व इतरत्र रुजली. वनखाते आणि कांदळवन प्रतिष्ठानच्या साहाय्याने आता किनाऱ्यांवर ‘कासवमित्र’ नेमले जातात.

याच साखळीतून पुढे संशोधनही झाले. जानेवारी २०२२ मध्ये वेळास येथे एका मादीच्या पाठीवर पश्चिम किनाऱ्यावरील पहिले उपग्रह-संदेशक यंत्र बसविण्यात आले. तिचे नाव ‘प्रथमा’ ठेवण्यात आले. त्यापाठोपाठ आंजर्ल्याला ‘सावनी’ आणि गुहागरला ‘वनश्री’, ‘रेवा’ आणि ‘लक्ष्मी’ यांना अशीच यंत्रे लावली गेली. २०२३ मध्ये गुहागरहून सोडलेली ‘बागेश्री’ श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात शिरली. दोन वर्षांनी ०३२३३ क्रमांकाची मादी नेमका उलटा प्रवास करून आली. आपल्या किनाऱ्यावरचे कासव आपलेच, अशी समजूत या दोघींनी मोडीत काढली आहे.

कासवांच्या बाबतीत एक मर्यादा मात्र स्पष्ट आहे. गावकरी अंडी राखू शकतात. किनाऱ्यावरचा उजेड, धूपप्रतिबंधक बंधारे, पुळणीवर लावलेली सुरूची झाडे आणि खोल समुद्रातील ट्रॉलरची जाळी यांवर त्यांचा अधिकार चालत नाही. अंड्यातून बाहेर पडलेले पिलू रात्री सर्वांत उजळ दिसणाऱ्या दिशेने धावते. निसर्गतः ती दिशा समुद्राची असते. किनाऱ्यालगत दिवे लागले, की ती रस्त्याची होते. प्रौढ मादी जाळ्यात गुदमरून मेली, तर त्या एका मृत्यूची भरपाई शेकडो पिलांनीही होत नाही, कारण हजारांतील एखादेच पिलू प्रौढावस्थेपर्यंत पोहोचते.

घोषणेचे मोल

मग अंजनवेल-गुहागरचा किनारा सरळ अभयारण्य घोषित करून टाकावा काय? कोकणाने हा प्रयोग एकदा पाहिला आहे. मालवण सागरी अभयारण्य १९८७ मध्ये, सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचे प्रवाळ आणि सागरी जीवसृष्टी राखण्यासाठी, घोषित झाले. क्षेत्र अवघे २९.१२ चौरस किलोमीटर, त्यातील गाभ्याचा भाग सुमारे तीन चौरस किलोमीटर. मासेमारीवर गदा येईल या भीतीने स्थानिक मच्छिमारांनी त्यास प्रारंभापासून विरोध केला आणि अभयारण्य बव्हंशी अधिसूचनेतच राहिले. ही भीती अनाठायी होती असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. ज्यांच्या पिढ्या त्या पाण्यात जाळे टाकत आल्या, त्यांना विचारण्यापूर्वीच रेषा आखल्या गेल्या होत्या.

सोलापूर-नगर परिसरातील माळढोक अभयारण्याची कथा याहून बोलकी आहे. १९७९ मध्ये घोषित झालेल्या या अभयारण्याचे मूळ क्षेत्र होते ८,४९६ चौरस किलोमीटर, म्हणजे रत्नागिरी जिल्ह्याच्या एकूण क्षेत्रापेक्षाही अधिक. त्यात गावे, शेते, बाजारपेठा सारेच आले. जमिनीचे व्यवहार व बांधकामे अडकली आणि शेतकऱ्यांच्या मनात पक्ष्याविषयी अढी बसली. कालांतराने क्षेत्र घटवून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटर करण्यात आले. माळढोक मात्र तोवर महाराष्ट्रातून जवळपास दिसेनासा झाला होता. गॅप ॲनालिसिसच्या तक्त्यात या पक्ष्याच्या नावापुढे एकेकाळी महाराष्ट्रापुरती भरघोस नोंद झाली असती.

नकाशावरील क्षेत्रफळ हे पुरेपणाचे माप नव्हे, हे या दोन उदाहरणांवरून दिसते. रत्नागिरीचा किनारा या दोहोंच्या नेमका विरुद्ध आहे. येथे क्षेत्रफळ शून्य आहे आणि कासवांची घरटी राखली जात आहेत. परंतु हे राखणे कोणाच्या तरी सद्भावनेवर, एखाद्या संस्थेच्या चिकाटीवर आणि दरवर्षी मिळणाऱ्या तुटपुंज्या मानधनावर उभे आहे. आंजर्ल्याची बाग उद्या विकली गेली आणि नव्या मालकाने माडाचे झाड तोडायचे ठरविले, तर घरटे नसण्याच्या हंगामात ते झाड वाचविण्यास कायद्याचा आधार तोकडा पडतो. सड्यावरच्या पालीच्या वाट्याला तर ती सद्भावनाही आलेली नाही.

कायद्यात मधले मार्ग नाहीत असे नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २००२ मधील दुरुस्तीने संवर्धन राखीव आणि सामुदायिक राखीव असे दोन नवे प्रकार आणले. पहिला सरकारी जमिनीसाठी, दुसरा खासगी वा सामूहिक मालकीच्या जमिनीसाठी आणि तोही मालकांच्या संमतीने. मालकी आहे तशी राहते. व्यवस्थापनाच्या समितीत गावाचे प्रतिनिधी असतात. सागरी क्षेत्रात अभयारण्य घोषित करताना स्थानिक मच्छिमारांच्या व्यावसायिक हिताचे रक्षण करण्याची पुरेशी तजवीज झाली पाहिजे, असे कलम २६-अ मध्ये नमूद आहे. मालवणच्या वेळी अशी तजवीज केली गेली असती, तर पुढचा संघर्ष कदाचित टळला असता.

आंतरराष्ट्रीय पातळीवरही वारे याच दिशेने वाहत आहे. डिसेंबर २०२२ मध्ये माँट्रियल येथे झालेल्या करारात जगातील ३० टक्के जमीन व समुद्र २०३० पर्यंत संरक्षणाखाली आणण्याचे उद्दिष्ट ठरले. भारतासारख्या दाट वस्तीच्या देशात ते केवळ अभयारण्यांतून साधणे अशक्यप्राय असल्याने, अभयारण्य नसूनही जेथे जीवसृष्टी प्रत्यक्षात टिकून आहे अशा जागांची गणना करण्याची तरतूदही त्यात आहे. देवराया, खाडीकाठची कांदळवने, कासवांच्या पुळणी या व्याख्येत बसू शकतात. कोकणच्या देवरायांचा विषय तर नवा नाही. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकातच त्यांचे महत्त्व अभ्यासातून दाखवून दिले होते. देवरुख परिसरातील राईंत धनेश पक्ष्यांची घरटी आढळतात. चिपळूण तालुक्यात खवले मांजराच्या रक्षणासाठी ग्रामस्थांना सोबत घेऊन झालेले कामही मुख्यत्वे खासगी रानांत आणि देवरायांतच झाले.

मात्र अशी गणना करण्याआधी काय कोठे आहे, याची नोंद हवी. जैविक विविधता कायदा, २००२ अन्वये प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असणे बंधनकारक आहे. राष्ट्रीय हरित लवादाने बडगा उगारल्यानंतर राज्यातील ग्रामपंचायतींनी या नोंदवह्या घाईघाईने पूर्ण केल्या. झाडे, पिके, पक्षी, मासे यांच्या याद्या त्यांत आहेत. गुहागर व दापोली तालुक्यांच्या किनारी गावांपुरता विचार केला, तरी त्या याद्यांना आणखी थोडी माहिती जोडता येईल. समुद्रगरुडाचे वा गिधाडाचे घरटे कोणत्या वाडीतील कोणत्या झाडावर आहे, कोणता सडा अद्याप फोडलेला नाही, खाडीच्या कोणत्या वळणावर पाणमांजरांची बिळे आहेत आणि पुळणीच्या कोणत्या टप्प्यात हंगामात घरटी सापडतात, हे त्या त्या गावातील माणसांना ठाऊक असते. सर्व्हे क्रमांकासह ही माहिती नोंदविली गेली, तर किनाऱ्यावरील पुढचा रस्ता, जेट्टी किंवा वायुवाहिनी आखणाऱ्या अभियंत्याच्या टेबलावर ती ठेवता येईल.